थंडावा आत, घरघर बाहेर

एसी आवाज करतो ही तक्रार एसीइतकीच जुनी आहे, पण तिचा इतिहास क्वचितच कुणी सांगतो. वातानुकूलनाबद्दल लिहिणारे तापमान, वीज, किंमत, फार तर गॅस यांची हकिगत सांगतात. आवाज म्हणजे यंत्रातला किरकोळ बिघाड, मेकॅनिकला फोन करून मिटवायचे काम, असे धरून तो बाजूला पडतो. मला हा समज चुकीचा वाटतो. घरगुती एसी आधी खोली आणि तळघर यांत विभागला गेला, मग खिडकीत एका पेटीत बसला, मग पुन्हा दोन तुकडे होऊन भिंतीच्या आतबाहेर गेला, यामागे आवाजाचा वाटा फार मोठा आहे. प्रत्येक वळणावर आवाज मुळातून कमी करण्यापेक्षा तो उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणे सोपे ठरले. होता होता अशी वेळ आली की यंत्र एकाचे आणि त्याची घरघर ऐकणारा दुसराच. आज एसीचा आवाज कुठून येतो हे शोधून काढणे अवघड झाले आहे ते यंत्राच्या गुंतागुंतीमुळे कमी आणि या फारकतीमुळे जास्त, असे मला म्हणायचे आहे.

बाहेर ठेवण्याची ही रीत यंत्रापेक्षाही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात साहेबांचे बंगले, कचेऱ्या, बराकी आणि न्यायालये यांच्या छताला लाकडी चौकटीचा, कापडी झालरीचा लांबलचक पंखा टांगलेला असे. त्याची दोरी कप्पीवरून, भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढत राही. वारा खोलीत येई. मेहनत, घाम आणि जागरण भिंतीपलीकडे राही. ओढता ओढता डुलकी लागलेल्या पंखेवाल्याला साहेबाने मारले आणि त्यात तो दगावला, अशी प्रकरणे न्यायालयापर्यंत गेलेली आहेत, आणि त्यांतले आरोपी बहुधा किरकोळ शिक्षेवर सुटले. उत्तर हिंदुस्थानात ‘थर्मँटिडोट’ नावाची मोठी लाकडी पेटी दाराखिडकीला बाहेरून जोडत. तिच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि आत हाताने फिरवायचे चाक असे. चाक फिरवणाराही बाहेरच उभा. पंखेवाल्याच्या हालांची एसीच्या घरघरीशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करत नाही. रचना तेवढी पाहावी: थंड हवा आत, ती तयार करण्याचा उपद्रव बाहेर, आणि दोहोंच्या मध्ये भिंतीला पाडलेले एक भोक.

विदर्भातल्या कूलरने ही रचना अर्धीच पाळली, म्हणून त्याची दखल इथे घ्यायला हवी. कोरड्या हवेत पाण्याची भराभर वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता शोषली जाते, या एकाच तत्त्वावर वाळ्याचा पडदा आणि कूलर दोन्ही चालतात; मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते फिके पडतात ते त्यामुळेच. नागपूर-अकोल्याकडे कूलरची पत्र्याची पेटी खिडकीबाहेर स्टँडवर असते, पण तिचा पंखा थेट खोलीत वारा फेकतो, त्यामुळे सगळा घोंगाट मालकाच्याच कानी पडतो. परिणामी कूलरची दुरुस्ती घरोघरी ठाऊक असते. ऊन तापायच्या आधी जुन्या ताट्या काढून नव्या बसवणे, पंपात अडकलेला कचरा काढणे, पंख्याच्या बुशला तेल देणे, पत्र्याचा सैल स्क्रू आवळणे ही कामे घरातलाच कुणीतरी उरकतो. कूलर एसीपेक्षा साधा आहे हे त्याचे एक कारण आहेच. पण दुसरेही तितकेच खरे: ज्याला आवाज छळतो त्याच्याच हाताला स्क्रूड्रायव्हर लागतो.

यांत्रिक थंडाव्याची सुरुवात मात्र अशा जागी झाली जिथे आवाजाची फिकीर करायचे कारणच नव्हते. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगत-आकसत होता आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नव्हते. पुढची बरीच गिऱ्हाईकेही कापडगिरण्यांसारखी, म्हणजे आधीच कान किटवणारी होती. सामान्य माणसाच्या सुखासाठी हे यंत्र गाजावाजा होऊन आले ते चित्रपटगृहांत. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात १९२५ साली कॅरियरची यंत्रणा बसली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी चित्रपट बोलू लागले. आपल्याकडे १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि १९३३ साली कुलाब्याजवळ वातानुकूलित रीगल उघडले. बोलपट आणि गार हवा यांचे हे साहचर्य मला महत्त्वाचे वाटते. संवाद ऐकू यायचे तर दारे-खिडक्या बंद हव्यात, त्या बंद ठेवायच्या तर हवा आतून खेळवायला हवी, आणि ती खेळवणारे यंत्र पडद्यावरच्या माणसापेक्षा मोठ्याने बोलता कामा नये. मोठ्या इमारतीला हे जमत होते, कारण तिच्याकडे यंत्राला द्यायला स्वतंत्र खोली होती आणि रुंद नळांतून हवा सावकाश सोडायला जागा होती. घराकडे यातले काहीच नव्हते.

म्हणून घरासाठीचा पहिला बाजारी प्रयत्न आजच्या वाचकाला चकित करील. फ्रिजिडेअर कंपनीने १९२९ साली काढलेला ‘रूम कूलर’ आजच्या भाषेत स्प्लिट होता. खोलीत रेडिओच्या कपाटासारखी पेटी आणि कंप्रेसर-कंडेन्सर वेगळे, लांब, बहुधा तळघरात. याची कारणे दोन होती. त्या काळचे कंप्रेसर पट्ट्यावर चालत आणि धडधडत. शिवाय त्यांत सल्फर डायऑक्साइडसारखा घसा जाळणारा वायू असे आणि तो फिरत्या दांड्याच्या सीलमधून गळण्याची धास्ती कायमची. १९३० साली थॉमस मिजली यांनी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत फ्रिऑन वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दोन्ही त्यांनी एका फुंकरीत पटवले. (याच जातीचे वायू ओझोनचा थर विरळ करतात हे कळायला आणखी चार दशके जावी लागली.) त्याच सुमारास मोटर आणि कंप्रेसर दोन्ही एका बंद पोलादी भांड्यात कायमचे जोडून टाकण्याची कला साधली. पट्टा गेला, सील गेले, आवाजही बराचसा भांड्यातच कोंडला गेला. आता यंत्र माणसाजवळ आणता येत होते. १९३१ साली शुल्त्झ आणि शर्मन या दोघांनी खिडकीच्या ओट्यावर ठेवायच्या एसीच्या पेटंटसाठी अर्ज केला. विक्रीने जोर धरला तो महायुद्धानंतर: अमेरिकेत १९४७ साली ४३,००० आणि १९५३ साली दहा लाखांहून अधिक असे एसी विकले गेले. तेव्हा विंडो एसी हा स्प्लिटचा मागासलेला पूर्वज, ही आपल्या मनातली क्रमवारी बरोबर नाही. वेगळे ठेवलेले यंत्र आधी होते. ते सुसह्य झाले तेव्हा एका पेटीत येऊन खिडकीत बसले.

भारतात ही पेटी दीर्घकाळ चैनीची वस्तू राहिली. कर भारी, वीज महाग, दाब कमीजास्त, त्यामुळे एसीशेजारी स्टॅबिलायझर ठरलेलाच. एकदा घेतलेला एसी पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे चालवायचा असे, आणि म्हणून दुरुस्तीचा धंदा इथे विक्रीच्या मागून नव्हे, बरोबरीने वाढला. मुंबईत १९४३ साली मोहन अडवाणी यांनी सुरू केलेल्या ब्लू स्टारचे पहिले कामच मुळी जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून पुन्हा चालते करण्याचे होते. टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास काढली ती १९५४ साली. पुढे आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग मेकॅनिक हा स्वतंत्र ट्रेड आला आणि तिथून बाहेर पडलेली मुले एखाद्या उस्तादाच्या हाताखाली खरे काम शिकली. या पिढीच्या हाती जे यंत्र होते त्याचा एक विशेष असा की त्याचे सगळे अवयव एका पेटीत, एका चौकटीत होते. एकच मोटर, तिच्या दांड्याला एका टोकाला खोलीत हवा सोडणारा ब्लोअर आणि दुसऱ्या टोकाला कंडेन्सरवर वारा मारणारा पंखा. शेजारी रबरी बुडांवर बसलेला सील्ड कंप्रेसर. यंत्र डोक्याशी, मालक पलंगावर, आणि मेकॅनिक दोघांच्या मध्ये स्टुलावर. आवाजाबद्दल बोलायचे तर मालक आणि मेकॅनिक दोघेही एकच आवाज ऐकत होते.

त्यातून कानाने बिघाड ओळखण्याची एक रीतसर पद्धत तयार झाली. ती पुस्तकात कमी आणि हातात जास्त होती, पण तिच्यात तर्क पक्का होता. आधी एसी नुसत्या फॅनवर चालवायचा. आवाज तेव्हाही असेल तर कंप्रेसर निर्दोष सुटला. फॅनचा वेग वाढवल्यावर टकटकही जलद झाली तर ब्लोअर थर्माकोलला किंवा आतल्या पत्र्याला घासतो आहे. घरघर असेल तर बुश सुकले आहेत. पेटीच हलत असेल तर ब्लोअरच्या पात्यांवर धूळ कमीजास्त बसून तोल गेला आहे. फॅनवर शांत असलेला एसी कूलवर टाकताच खडखडू लागला तर पेटीभर हात फिरवायचा: जाळी दाबल्यावर आवाज थांबला तर जाळी, तांब्याची नळी बोटाने धरल्यावर थांबला तर नळी, आणि चौकट दाबल्यावर थांबला तर लाकडी फ्रेममधली पाचर सैल. नुसता हुंकार येऊन काही सेकंदांत टक्‌ करून बंद पडणे आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, म्हणजे कंप्रेसर उचलत नाही. कॅपॅसिटर उतरला आहे किंवा विजेचा दाब कमी आहे. बंद होताना दणका बसत असेल तर कंप्रेसरच्या बुडाची रबरे बसली आहेत. आणखी खोल जायचे तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटरच्या अंगाला आणि मूठ कानाला. बिघाड नसलेले आवाजही याच पद्धतीत ओळखले जात. बंद केल्यावर मिनिटभर येणारा फुसफुसाट म्हणजे आतला दाब समसमान होणे. पावसाळ्यात येणारी चपचप म्हणजे तळाशी साठलेले पाणी पंख्याची कडी उचलून गरम कॉइलवर उडवते आहे, आणि त्याने थंडावा वाढतोच. काय दुरुस्त करायचे नाही हे सांगणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे वाचवत होता.

यावर कुणी म्हणेल की कानाने केलेले निदान म्हणजे अंदाजपंचे. गेज, क्लॅम्प मीटर आणि आता यंत्राच्या पट्टीवर उमटणारे एरर कोड यांनी धंद्याला शिस्त आणली. यातला अर्धा भाग मान्य करायलाच हवा. गॅसचा दाब किती, कंप्रेसर करंट किती ओढतो, हे कानाला कळत नाही, आणि मीटर न लावता कंप्रेसर गेला असे सांगून नवा गळ्यात मारणारेही त्या काळात होतेच. पण मीटर ज्या गोष्टी मोजते त्या थंडाव्याच्या आहेत. सैल नट, भिंतीला टेकलेली नळी, आंबलेले रबर, वाकलेले पाते यांनी दाब बदलत नाही, करंट जवळपास बदलत नाही आणि कोडही उमटत नाही. यंत्राच्या हिशेबी सगळे ठीक असते. आवाजाची तक्रार ही बहुतेक वेळा बांधणीची तक्रार असते, आणि बांधणी तपासायला हात आणि कान यांना अजून पर्याय आलेला नाही.

पुढचे वळण जपानचे. १९६०च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी एसीचे पुन्हा दोन भाग केले. लहान घरे, सरकत्या खिडक्या आणि पातळ भिंती अशा ठिकाणी खिडकीत बसणारी जड, बोलकी पेटी नकोशीच होती. खोलीतल्या भागासाठी त्यांनी जो लांब नळकांड्यासारखा पंखा वापरला त्याचे पेटंट मॉर्टिए या फ्रेंच माणसाने १८९३ साली, खाणीतली हवा खेळती ठेवण्याच्या संदर्भात घेतलेले होते. हा पंखा सावकाश फिरूनही भिंतभर सारखी हवा सोडतो, आणि पंख्याच्या बाबतीत वेग म्हणजेच आवाज: वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. कंप्रेसर भिंतीबाहेर गेल्यावर खोलीत एवढाच पंखा उरला. मग १९८१ साली तोशिबाने घरगुती इन्व्हर्टर एसी आणला. तोवरचा कंप्रेसर एक तर पूर्ण वेगाने चाले नाही तर बंद पडे. इन्व्हर्टर विजेची वारंवारता बदलून त्याला हवा तसा मंद-जलद फिरवतो. भारतात स्प्लिटने विंडोला मागे टाकले ते या शतकात. आज खोलीतल्या युनिटचा आवाज सर्वांत कमी वेगावर २०-२५ डेसिबल असल्याचे जाहिराती सांगतात, आणि विकत घेणारा ऐकतो तो आकडा हाच.

इथे माझ्या मुद्द्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. इन्व्हर्टरने आवाज नुसता हलवला नाही, खरोखर कमी केला. मग ‘हलवला’ असे सरसकट कसे म्हणता येईल? एका यंत्रापुरता हा आक्षेप खरा आहे आणि त्या अभियंत्यांचे ऋण मोठे आहे. मंद फिरणारे चांगले आउटडोअर युनिट जुन्या विंडो एसीच्या मागच्या बाजूपेक्षा नक्कीच शांत असते. पण घर एका यंत्राचे बनलेले नाही आणि इमारत तर नाहीच. विंडो एसीच्या काळात मजल्यावर एखादा एसी असे. आता एकेका घरात दोन-तीन आउटडोअर असतात. सारख्या आवाजाची दहा यंत्रे एकत्र आली की पातळी १० डेसिबलने चढते, म्हणजे प्रत्येक यंत्रात कष्टाने कमावलेली बचत नुसत्या संख्येने खाल्ली जाते. शिवाय इन्व्हर्टर बंद पडत नाही, मंद होतो. पूर्वी कंप्रेसर थांबल्यावर शेजाऱ्याला अधूनमधून जी पाच-दहा मिनिटांची शांतता मिळे ती गेली. आणि बदलत्या वेगात कधी ना कधी असा एक वेग येतोच की ज्याला अँगल, जाळी किंवा भिंत साथ देऊ लागते. तो सूर रात्री कुठल्या तरी वेळी लागतो, थोडा वेळ टिकतो आणि मेकॅनिक दुपारी येतो तेव्हा लागतच नाही.

मुंबई-पुण्याच्या इमारतींत ही यंत्रे कुठे जातात हे पाहिले की प्रश्नाची धार कळते. दर्शनी बाजू विद्रूप होऊ नये म्हणून सोसायटी ती डक्टमध्ये लावायला सांगते. डक्ट म्हणजे नळ आणि मोऱ्यांच्या पाइपांसाठी सोडलेली अरुंद, उंच, चारी बाजूंनी सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींची विहीर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. डक्टमध्ये तो भिंतीभिंतीवरून परतत राहतो आणि मजल्यामागून मजले चढतो, आणि त्या विहिरीवर उघडतात त्या खिडक्या स्वयंपाकघराच्या, न्हाणीच्या, बऱ्याचदा मागच्या निजायच्या खोलीच्या. गरम हवाही तिथेच कोंडते, म्हणून वरच्या मजल्यांची यंत्रे जास्त तापतात आणि जास्त जोराने फिरतात. हवेतून येणारा हा आवाज खिडकी लावून निदान अडवता तरी येतो. भिंतीतून येणारा येत नाही. कंप्रेसरची थरथर अँगलच्या बोल्टातून काँक्रिटमध्ये उतरते; तंबोऱ्याच्या तारेला जसा भोपळा मोठे करतो तशी पलीकडच्या खोलीची भिंत त्या थरथरीला मोठे करते. नव्या टोलेजंग इमारतींत विटांऐवजी अखंड काँक्रिटच्या भिंती ओततात. त्या बोलण्याचा आवाज चांगला अडवतात, पण थरथर मात्र सांध्यांत न अडखळता दूरवर नेतात. म्हणून कित्येकदा आवाज ऐकू येतो तिथून यंत्र दोन मजले खाली असते.

आता मेकॅनिकची अवस्था पाहा. त्याला बोलावणारा मालक आत बसलेला, आणि आतला भाग शांत आहे. आउटडोअर छज्ज्याबाहेर किंवा डक्टमध्ये लटकते. तिथे पोचायचे तर कमरेला दोरी बांधून, कित्येकदा तीही न बांधता, खिडकीतून बाहेर पडावे लागते. एका भेटीचे पैसे ठरलेले, दिवसाला भेटी बऱ्याच. तेव्हा तो जेट पंपाने कॉइल धुतो, फिल्टर झाडतो, गॅस बघतो आणि निघतो. गॅस हे पेट्रोलसारखे खर्च होणारे इंधन नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, हे प्रत्येक शिकलेल्या मेकॅनिकला माहीत असते. तरी दरसाल ‘गॅस भरणे’ हे कामाचे नाव होऊन बसले आहे, कारण त्याचे बिल करता येते. चार नट आवळून रबराचे तुकडे बसवण्याचे बिल काय करणार, आणि ज्याने तो आवाज कधी ऐकलाच नाही तो मालक ते का देणार? या स्थितीचा दोष मी मेकॅनिकला देत नाही. ज्याच्यासाठी कान लावायचा तो माणूसच गिऱ्हाईक राहिलेला नसेल तर कान लावण्याचे कसब टिकेल कशावर?

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे. उन्हाळे वाढत आहेत, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना थंडावा ही चैन राहिलेली नाही. आणि ज्या शहरात रिक्षा, भोंगे, बांधकामे रात्रंदिवस गर्जत आहेत तिथे एसीच्या गुणगुणीचे काय घेऊन बसलात? पहिला भाग मला पूर्ण पटतो. २०१९च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यानुसार देशातल्या सुमारे ८ टक्केच घरांत एसी होता. तो आणखी लोकांना मिळाला पाहिजे, आणि सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आणून तीच दिशा धरली आहे. पण म्हणूनच आवाजाचा विचार आत्ता हवा. मोजक्या घरांत ही गत असेल तर प्रत्येक खिडकीमागे एसी आल्यावर डक्टची काय स्थिती होईल? आणि ज्या घरात एसी नाही, जिथे रात्री खिडकी उघडी टाकूनच झोपता येते, त्या घरावर हा आवाज आणि ही गरम हवा सर्वांत आधी येऊन आदळते. दुसऱ्या भागाला उत्तर असे की दिवसाचा गोंगाट आणि रात्रीची गुणगुण एका मापाने मोजत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. हे नियम लिहिताना डोळ्यांसमोर होते ते भोंगे, ध्वनिक्षेपक, फटाके आणि जनरेटर. भिंतीतून उतरणारी मंद, अखंड थरथर या मापात नीट सापडतच नाही.

धोरणाने या आवाजाकडे कसे पाहिले हे कळायला दोन लेबले शेजारी ठेवली तरी पुरे. युरोपीय संघात एसीवर लागणाऱ्या ऊर्जा-लेबलावर डेसिबलचे दोन आकडे छापावे लागतात, एक आतल्या युनिटचा आणि एक बाहेरच्या. शिवाय ६ किलोवॉटपर्यंतच्या एसीच्या ध्वनिशक्तीला आत ६० आणि बाहेर ६५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे. ध्वनिशक्ती म्हणजे यंत्रातून एकूण किती आवाज निघतो ते. कानाशी पोचणारी पातळी त्याहून कमी असते. आपल्याकडे २०१० पासून खोलीच्या एसीवर तारांकित लेबल सक्तीचे झाले आणि त्याने विजेच्या बाबतीत फार मोठे काम केले. कमी ताऱ्यांचा एसी आज गिऱ्हाईकच नाकारतो. त्या लेबलावर आवाजाचा आकडा नाही. बाहेरच्या युनिटचा आकडा दुकानात कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला तो ऐकायचाच नसतो. तो ज्याला ऐकायचा आहे तो दुकानात गेलेला नाही. म्हणूनच हा आकडा बाजारावर सोडून चालणार नाही, तो सक्तीनेच छापला पाहिजे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. तपासणीची दिशा तेवढी उलटी करावी लागेल. सोसायटीने बोलावलेल्या मेकॅनिकने सुरुवात एसीवाल्याच्या घरातून न करता तक्रार करणाऱ्याच्या खोलीतून करावी, आणि आवाज ज्या वेळी येतो त्याच वेळी. भिंतीला हात लावून थरथर लागते का पाहावे. लागली तर आवाज अँगलमधून येतो आहे, न लागली तर हवेतून. मग डक्टमधली यंत्रे पाळीपाळीने बंद करायला सांगून नेमके कोणते ते ठरवावे. त्यानंतरची कामे जुनीच आहेत: बोल्ट आवळणे, बुडाखाली जाड रबर, नळी भिंतीला टेकली असेल तर मध्ये फोम, पात्यावरची धूळ, जाळीचा स्क्रू. एवढ्यावर भागले नाही तर युनिट भिंतीवरून काढून छज्ज्यावर किंवा गच्चीत बसवावे लागते. मग नळी लांबते, गॅस थोडा जास्त लागतो आणि खर्च काही हजारांत जातो. तो खर्च यंत्राच्या मालकाने द्यावा, तक्रार करणाऱ्याने नव्हे, आणि सोसायटीने एसी बसवायची परवानगी देतानाच हे लिहून घ्यावे.